‘चमत्कार झाला’ म्हणजे नेमके काय झाले?

दहावीच्या निकालादिवशी एखाद्या घरात ‘चमत्कार झाला’ असे म्हणतात. गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या) अतिदक्षता विभागात रुग्णाने डोळे उघडले की बाहेर बसलेले नातेवाईक तेच म्हणतात. फातोर्ड्याच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला सामना फिरला तरी तेच, आणि मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येत असल्याची चित्रफीत मोबाइलवर आली तरी तेच. निकालाच्या घरात त्याचा अर्थ ‘एवढी अपेक्षा नव्हती’ इतकाच. रुग्णालयात ‘डॉक्टरांनी आशा सोडली होती’ असा. मैदानावर तो निव्वळ आनंदाचा उद्गार. चित्रफितीखाली मात्र तो दावा असतो: निसर्गाचा नियम इथे थांबला आणि कुणीतरी वरून हात घातला.

घटना आधी घडते, तिला चमत्कार हे नाव माणूस नंतर देतो. नाव देताना त्याच्या मनात कुठली तरी कसोटी असते, बहुधा न बोललेली. वाद पेटतात ते घटनेवरून क्वचित आणि या न बोललेल्या कसोटीवरून जास्त. म्हणून शब्दाचे कोणते रूप कुठे चालते आणि त्याची कसोटी काय, हे वेगवेगळे करून पाहिलेले बरे. गोव्यात तर याची फार गरज आहे, कारण इथे देवळातली, चर्चमधली, जाहिरातीतली आणि नाक्यावरची भाषा एकाच माणसाच्या तोंडी असते.

मराठीतला चमत्कार

संस्कृतात ‘चमत्’ हा आश्चर्याचा उद्गार. काव्यशास्त्रात चमत्कार म्हणजे रसाचा आस्वाद घेताना चित्ताला होणारा विस्मयाचा आनंद. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राने कवितेतल्या चमत्काराचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत देवाचा किंवा निसर्गनियम मोडण्याचा काही संबंध नाही. मराठी समीक्षक कथेच्या ‘चमत्कृतिपूर्ण शेवटा’बद्दल लिहितात तेव्हा हा जुना अर्थच वापरत असतात.

बोलीत मात्र एक मजा झाली आहे. ‘चमत्कार’ हे बहुतेक वेळा कौतुक असते, पण ‘चमत्कारिक’ हे जवळजवळ कधीच नसते. भाताला चमत्कारिक वास येतो, शेजारचा माणूस चमत्कारिक वागतो, पायाला चमत्कारिक कळ येते. म्हणून ‘डॉक्टरांनी चमत्कारिक उपचार केले’ असे वाक्य आभाराच्या पत्रात लिहू नये. ‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण तर पंचायतीपासून सचिवालयापर्यंत चालते आणि तिच्यातला चमत्कार म्हणजे ताकदीचे प्रदर्शन. ‘आता दाखवतोच चमत्कार’ ही सरळ धमकी असते.

‘करामत’ अरबीतून आला. इस्लामी परंपरेत प्रेषिताच्या हातून घडते तो मोजिजा आणि संताच्या हातून घडते ती करामत. मराठीत येईपर्यंत तिच्यातला संत गळून पडला आणि कसब किंवा चलाखी एवढेच उरले. कोकणीत आश्चर्य वाटले की ‘अजाप जालें’ म्हणतात, तर पोर्तुगीज ‘मिलाग्र’ म्हापशाच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, नावात रुजला. मिलाग्र ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही मूळ अर्थ ‘आश्चर्य करण्यासारखी गोष्ट’ असाच आहे. पाहणारा थक्क होतो, एवढेच हे शब्द मुळात सांगतात.

मराठी माणसाच्या धार्मिक बोलण्यात खरे तर याहून नेमके शब्द आहेत, आणि ते सोडून सगळ्यालाच चमत्कार म्हणण्याची सवय वाईट. ‘देव पावला’ म्हणजे मागितलेले मिळाले. नोकरी लागली, मूल झाले, खटला सुटला. यांतले काहीही निसर्गाविरुद्ध घडलेले नसते आणि म्हणणाऱ्यालाही तसे म्हणायचे नसते. ‘प्रचिती’ ही ज्याची त्याला येते, तिला साक्षीदार लागत नाही, आणि म्हणूनच ती दुसऱ्यासाठी पुरावा होऊ शकत नाही. ‘कौल’ आणखी वेगळा. देवाला ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणे घालतात आणि सर्वसाधारणपणे उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार धरतात. सुकलेली पाकळी पडणारच, त्याचे कुणाला नवल वाटत नाही. महत्त्व असते ते ती कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूची पडली याला. कौलाला चमत्कार म्हणणारा माणूस कौल कधी जवळून न पाहिलेला असतो.

चमत्कार दाखवण्याबद्दल परंपरेतही फारसा उत्साह नाही. पतंजलीच्या योगसूत्रांचा तिसरा पाद सिद्धींबद्दलच आहे, आणि त्याच पादात या सिद्धी समाधीच्या आड येणारे अडथळे आहेत, असे स्पष्ट सूत्र आहे.

नियम मोडला, हे कधी म्हणायचे?

‘निसर्गनियमाचा भंग’ ही आज डोक्यात बसलेली व्याख्या मुख्यतः युरोपातून आली. चौथ्या-पाचव्या शतकातला संत ऑगस्टीन सावध होता. त्याच्या मते चमत्कार निसर्गाविरुद्ध नसतो, आपल्याला ठाऊक असलेल्या निसर्गाविरुद्ध असतो. म्हणजे आपले ज्ञान वाढले की चमत्कारांची यादी आखडू शकते. १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने तराजूच मांडला. चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग, असे धरून तो म्हणाला की चमत्काराची साक्ष तेव्हाच मानावी, जेव्हा ती साक्ष खोटी निघणे हेच त्या चमत्कारापेक्षा मोठे नवल ठरेल.

हे रोजच्या वापरात आणणे सोपे आहे. कुणी सांगितले की फोंड्यात एका घरात देवाच्या तसबिरीतून विभूती पडते. एका पारड्यात ‘कागदातून राख तयार होते’ ठेवा. दुसऱ्यात ठेवा ‘सांगणाऱ्याची चूक झाली, कुणी फसवले, किंवा गोष्ट तोंडोतोंडी वाढत गेली’. कोणते पारडे हलके, म्हणजे नेहमी घडणारे, ते पाहा. सांगणारा प्रामाणिक असणे पुरेसे नसते, कारण प्रामाणिक माणूसही ऐकीव सांगत असतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: तुम्ही स्वतः पाहिले का, आणि पडताना पाहिले की पडलेली पाहिली?

चर्चची मोजपट्टी

चमत्कार हा शब्द सर्वांत काटेकोरपणे वापरणारी संस्था कुठली असे विचारले तर उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल: कॅथलिक चर्च. तिथे हा जवळजवळ कायद्याचा शब्द आहे, आणि गोव्यात त्याची दोन चांगली उदाहरणे आहेत.

हणजुणे येथे १८६९ मध्ये जन्मलेले पाद्री आग्नेलो डिसोझा १९२७ मध्ये रायतूरच्या सेमिनारीत वारले. त्यांची समाधी पिलारला आहे. १० नोव्हेंबर १९८६ रोजी रोमने त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले, म्हणजे त्यांचे जीवन धर्मदृष्ट्या आदर्श होते हे मान्य झाले. त्यापुढची पायरी ‘धन्य’. तिच्यासाठी साधारणपणे एक चमत्कार रोमने मान्य करावा लागतो. त्याच्याही पुढे ‘संत’, आणि त्यासाठी धन्य ठरल्यानंतर घडलेला आणखी एक. हुतात्म्याला पहिला चमत्कार माफ असतो. हे गणित १९८३ च्या सुधारणेनंतरचे. पूर्वी अधिक चमत्कार लागत. पिलारला जाऊन बरे वाटल्याचे सांगणारे भाविक असंख्य आहेत, पण चर्चच्या भाषेत त्या ‘मिळालेल्या कृपा’ होत. कृपा आणि चमत्कार यांच्या मधोमध चौकशीचे डोंगराएवढे कागद असतात.

दुसरे उदाहरण संत जुझे वाझ यांचे. बाणावलीला २१ एप्रिल १६५१ रोजी जन्म, सांकवाळचे घराणे, डच अमलातल्या श्रीलंकेत लपूनछपून धर्मकार्य, आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडीला निधन. कँडीत दुष्काळात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा. पण संतपदाच्या हिशेबात ती धरली जात नाही. हयातीतले चमत्कार मोजायचेच नसतात. उमेदवाराच्या मृत्यूनंतर, त्याच्या मध्यस्थीने घडलेला लागतो. वाझ २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत ‘धन्य’ झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी तिथेच गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले, तेव्हा दुसरा चमत्कार पोपच्या अधिकारात माफ करण्यात आला होता. म्हणजे मोजपट्टी कडक असली तरी ती बाजूला ठेवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे आहे.

मान्य झालेले बहुतेक चमत्कार आजार बरा होण्याचे असतात, कारण तिथे आधीचे आणि नंतरचे कागद मिळतात. त्यांची कसोटी अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लांबेर्तिनी यांनी घालून दिली. हे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. आजार गंभीर हवा. तो आपोआप उतरणीला लागलेला नको. उपचार झालेले नसावेत किंवा ते फसल्याचे स्पष्ट हवे. बरे होणे अचानक हवे, पूर्ण हवे आणि टिकाऊ हवे. यांतली प्रत्येक अट एकेका पळवाटेला बूच मारते.

प्रत्यक्ष काम असे चालते. जिथे घटना घडली तिथला बिशप चौकशी बसवतो. साक्षीदारांच्या शपथेवर जबान्या होतात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलावले जाते, इस्पितळाचे कागद, एक्स-रे, बायोप्सी, औषधांच्या नोंदी जमवल्या जातात, आणि बरे झालेल्या व्यक्तीला दोन स्वतंत्र डॉक्टर आज तपासतात. सीलबंद फाइल रोमला जाते. तिथे आधी दोन तज्ज्ञ ती वाचतात. त्यांना प्रकरणात दम वाटला तर सात डॉक्टरांचे मंडळ बसते. २०१६ च्या नियमांनुसार सातांपैकी निदान पाच मते पडावी लागतात, सहाच हजर असले तर चार. एकच प्रकरण तीनपेक्षा जास्त वेळा मंडळापुढे आणता येत नाही, आणि तज्ज्ञांचे मानधन फक्त बँकेतून द्यायचे असते. हे शेवटचे कलम का लागले असेल, ते चाणाक्ष वाचकाला सांगायला नको.

या मंडळाला ‘हा चमत्कार आहे’ असे म्हणायचा अधिकारच नाही. ‘आजच्या वैद्यकशास्त्राने याचे स्पष्टीकरण देता येत नाही’, एवढेच ते म्हणते. त्यानंतर धर्मशास्त्रज्ञ पाहतात की बरे होणे आणि प्रार्थना यांचा वेळेत मेळ बसतो का. पुढे कार्डिनल आणि बिशप, आणि शेवटी पोप. वैद्यकीय निर्णय आणि धार्मिक निर्णय असे दोन टेबलांवर वाटून दिलेले आहेत, आणि ही वाटणी मला या सगळ्या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

प्रकरणे गळतात ती साध्या कारणांनी. निदान पक्के करणारी बायोप्सीच झालेली नसते. ‘मोठी गाठ होती’ हे नातेवाइकांच्या तोंडून, कागदावर नाही. किंवा नवस सुरू असताना केमोथेरपीही सुरू असते. किंवा आजारच असा असतो जो अधूनमधून स्वतःच ओसरतो. काही प्रकरणांत दोन वर्षांनी आजार परत येतो. गोव्याच्या घरांत तर आणखी एक अडचण: आईने वेलंकणीला, आजीने गोंयच्या सायबाला (संत फ्रान्सिस झेवियरना) आणि मावशीने पाद्री आग्नेलला, असे एकाच रात्री तिघांना साकडे घातलेले असते. मग मध्यस्थी कोणाची मानायची? धर्मशास्त्रज्ञांच्या टेबलावर असे प्रकरण अडते.

फ्रान्समधल्या लूर्दला १८८३ पासून डॉक्टरांचे नोंदणी कार्यालय आहे. तिथे आजवर बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरीच्या आसपास. शंभरात एक.

आता जुने गोवे. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. हाडे लवकर मोकळी व्हावीत म्हणून शवपेटीत चुना भरला होता, पण शरीर टिकले आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यात आले. संतपद मिळाले १२ मार्च १६२२ रोजी. चुना मांस भराभर खातो ही जुनी समजूत. अलीकडच्या प्रयोगांत चुन्यामुळे कुजणे उलट मंदावते असे दिसले आहे. आज पेटीत आहे ते सुकलेले, आकसलेले शरीर, आणि तेही अपुरे, कारण उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये रोमला पाठवला गेला. आपली मराठी वर्तमानपत्रे दर दहा वर्षांनी ‘शवप्रदर्शन’ असा मथळा देतात. चर्च मात्र ‘पवित्र अवशेषांचे दर्शन’ म्हणते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या सोहळ्याचे अधिकृत नावही तेच होते. त्या नावात चमत्कार हा शब्द कुठेच नाही. बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्याकडे मात्र तो हमखास ऐकू येतो.

निखाऱ्यांवरून चालणे

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतर साधारण पंधरवड्याने सोमवारी येते. हिंदू भाविक तिला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात आणि तेल घेऊन जातात. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. व्रत धरलेले धोंड हातात वेताची काठी घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. बाहेरचे लोक याला चमत्कार म्हणतात. परंपरेतला शब्द ‘व्रत’ आहे, आणि तो जास्त बरोबर आहे.

पाय भाजत का नाहीत, याचे उत्तर तापमान आणि उष्णता यांच्या फरकात आहे. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत क्षणभर हात घातला तर काही होत नाही, पण आतल्या पत्र्याला बोट लागले की फोड येतो. तापमान दोन्हींचे तेच. लाकडाचा कोळसा हलका, सच्छिद्र आणि उष्णतेचा वाईट वाहक असतो. निखारा पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापलेला असला तरी त्याच्यात साठवलेली उष्णता थोडी असते आणि ती तळव्यात सावकाश शिरते. वर राखेचा थर बसला की आणखी सावकाश. पाऊल एका जागी अर्ध्या सेकंदाच्या आसपास टेकते, आणि तळव्यातले रक्त आलेली उष्णता पुढे नेत राहते.

यावरूनच कुठे बिघडते तेही कळते. पळत सुटणारा माणूस पावलाने निखारे उकरतो आणि राखेखालच्या तापलेल्या थरात रुततो. मध्येच थांबणारा भाजतो, कारण वेळ वाढला. ओल्या पायाला निखारा चिकटतो, विशेषतः बोटांच्या बेचक्यात. अर्धवट जळलेला, घट्ट लाकडाचा तुकडा किंवा एखादा खिळा पायाखाली आला तर सगळे गणित फसते, कारण लोखंड उष्णता झटकन देते. लाकूड पूर्ण जळून निखारे होण्याची आणि राख बसण्याची वाट पाहणे, एका लयीत चालणे, न थांबणे, हे पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान आहे. ते शिस्तीतून येते. घरामागे शेकोटी पेटवून हे करून पाहू नये. आणि जत्रेतला मोठा धोका निखाऱ्यांचा नाहीच, गर्दीचा आहे. २०२५ मध्ये शिरगावला चेंगराचेंगरीत भाविकांचे बळी गेले.

भौतिकशास्त्राने पाय का भाजत नाहीत ते सांगितले म्हणून धोंडाच्या उपवासाचा अर्थ संपत नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत. भाजत का नाही, आणि तो का चालतो.

योगायोगाचा हिशेब

‘असे घडण्याची शक्यता दहा लाखांत एक होती!’ हे वाक्य ऐकले की प्रथम विचारावे, संधी किती वेळा मिळाली? केंब्रिजचे गणिती जॉन लिटलवुड यांच्या नावाने एक हिशेब प्रसिद्ध आहे. जागा आणि सावध माणूस सेकंदाला एक घटना टिपतो असे धरा. दिवसाचे असे आठ तास म्हणजे २८,८०० घटना. पस्तीस दिवसांत दहा लाख होतात. म्हणजे दहा लाखांत एक अशी नवलाची गोष्ट प्रत्येकाच्या वाट्याला महिन्या-सव्वा महिन्याला येणारच. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या वर होती. ज्या गोष्टीची शक्यता माणशी दिवसाला दहा लाखांत एक आहे, ती या इवल्याशा राज्यात जवळपास रोज कुणाच्या तरी बाबतीत घडते. ज्याच्या बाबतीत घडते तो सांगतो. बाकीचे साडेचौदा लाख ‘आज माझ्या बाबतीत काही घडले नाही’ असे सांगत फिरत नाहीत.

मांडवीतल्या कॅसिनोंत हेच पैशांत दिसते. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर ३७ घरे, त्यांतली १८ लाल. सलग दहा वेळा लाल येण्याची शक्यता सुमारे १,३४७ मध्ये एक. दुर्मीळ वाटते. पण एका टेबलावर दिवसाला ७०० फेऱ्या होतात असे धरले, आणि लाल किंवा काळा कुठलाही चालेल म्हटले, तर सलग दहा किंवा जास्त वेळा एकच रंग येण्याचा प्रकार सरासरीने दर दोन दिवसांत एकदा होतो. पाहणारा टाळी वाजवतो आणि ‘आज चमत्कार आहे’ म्हणत अकराव्या फेरीला खिसा रिकामा करतो. चाकाला मागची फेरी आठवत नसते. अकराव्या वेळीही शक्यता ३७ मध्ये १८ च.

आजारांच्या बाबतीत आणखी दोन फसवणुका होतात. पाठदुखी, संधिवात, दमा, त्वचेचे विकार चढत-उतरत असतात. माणूस नवस करतो, बाबाकडे जातो किंवा नवे औषध घेतो ते सर्वांत वाईट दिवशी. त्यानंतर थोडे बरे वाटणे हा उताराचाच भाग असतो, श्रेय मात्र शेवटच्या उपायाला जाते. दुसरी फसवणूक जास्त क्रूर. बुडालेल्या होडीतून वाचलेला माणूस नवस फेडायला येतो. त्याच होडीतल्या इतरांनीही नवस बोलला होता का, हे विचारायला ते उरलेले नसतात.

घरी करून पाहण्यासारखे

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्या. त्यामागे पृष्ठताण होता, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागण्याचा गुण. हे आजही करता येते. कोरडा, स्वच्छ वरवंटा उभा ठेवा. चमचा दुधाने काठोकाठ भरा, दूध काठावर फुगलेले दिसले पाहिजे. चमच्याची कड दगडाला टेकवा आणि अगदी किंचित तिरकी करा. दूध दगडाला धरते आणि पातळ पापुद्र्यासारखे खाली ओघळते. चमचा रिकामा होतो आणि ओघळ दिसत नाही. आता दुधात हळद घालून पुन्हा करा, वाट लगेच दिसेल. दिल्लीत सरकारी वैज्ञानिकांनी तेव्हा रंगीत दूध वापरूनच हे दाखवले होते. चमचा पाऊण भरलेला असेल तर प्रवाह सुरूच होत नाही, आणि दगड तेलकट असेल तर दूध त्याला नीट धरत नाही.

सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीच्या बुडबुड्या तळीत तळातून सतत वायूचे बुडबुडे येतात. टाळी वाजवली की ते वाढतात, असे लोक सांगतात. हे तपासायला वाद घालण्याची गरज नाही, दोघे जण आणि एक नाणे पुरते. पहिल्याने नाणे उडवायचे: छापा आला तर अर्धा मिनिट टाळ्या, काटा आला तर अर्धा मिनिट शांतता. दुसऱ्याने कानात बोळे घालून, पहिल्याकडे पाठ करून, पाण्याचा एकच ठरलेला चौकोन पाहत बुडबुडे मोजायचे. असे वीस वेळा. मोजणाऱ्याला टाळी चालू आहे की नाही हे कळता कामा नये, हीच यातली मेख. कळले तर टाळीच्या वेळी डोळा आपोआप जास्त बुडबुडे शोधतो. दोन्हींच्या सरासरीत फरक राहिला तर त्याला काहीतरी कारण आहे. नाही राहिला तर तळे तेवढेच सुंदर राहते.

बाटलीवरचा चमत्कार

शब्दाचा सर्वांत घातक वापर जाहिरातीत होतो, आणि तिथे कायदा आहे. ‘औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ १९५४ चा. ताईत, मंत्र, कवच किंवा रोग बरा करण्याची अद्भुत शक्ती असल्याचा दावा केलेली कुठलीही वस्तू त्यात जादुई उपाय ठरते. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई आहे, आजारांची यादी कायद्यालाच जोडलेली आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत.

गोव्यातले बरेच जण सीमेपलीकडून आलेला संदेश वाचून महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथेही लागू आहे असे समजतात. त्या कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा गुन्हा आहे, पण तो महाराष्ट्रापुरताच. १९५४ चा केंद्रीय कायदा मात्र पत्रादेवीच्या सीमेअलीकडे, गोव्यातही चालतो.

डॉक्टर स्वतः ‘हा तर चमत्कारच’ म्हणाले तर आनंद जरूर करावा, पण पुढच्या उपचारासाठी तीन गोष्टी विचाराव्यात. निदान कोणत्या तपासणीने पक्के झाले होते? आतापर्यंत कोणते उपचार झाले आणि त्यांचा परिणाम उशिरा दिसू शकतो का? अशा शंभर रुग्णांत किती जण बरे होतात? शंभरात पाच होत असतील, तर तुमचा रुग्ण त्या पाचांतला आहे आणि त्याच्या गोळ्या बंद करण्याचे काही कारण नाही. ‘चमत्कार झाला, आता औषध कशाला’ या एका वाक्याने क्षयरोगाचे आणि अपस्माराचे रुग्ण पुन्हा इस्पितळात येतात.

तक्रार करायची असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करावी. सोबत जाहिरातीचे कात्रण किंवा फलकाचा तारखेसह फोटो, बाटलीचे वेष्टन आणि पैसे दिल्याची पावती ठेवावी. बाबाने काही छापलेच नाही, फक्त मंडपात ध्वनिक्षेपकावरून सांगितले, तर? या कायद्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही बसते, आणि प्रकाश, आवाज किंवा धूर काढून केलेलीही. त्यासाठी मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, आणि मंडपाची जागा व वेळ त्याच दिवशी लिहून ठेवावी.